कोपराखाली चार इंच

मिस्त्रींनी टेपचं टोक माझ्या कोपराला धरलं, पट्टी खाली सोडली, वाकून आकडा वाचला, कोपराखाली चार इंच सोडायचे असतात म्हणून त्यातून चार वजा केले आणि म्हणाले, ताई, सदतीस. मग तोच टेप त्यांनी जुन्या ओट्याला लावून पाहिला. सदतीस. त्यांना फारच गंमत वाटली. हा ओटा तर तुमच्याच मापाचा आहे, मग खालीवर कशाला करायचा, असं म्हणून ते हसले आणि मीही हसले. क्षणभर मला खरंच हायसं वाटलं. एकतीस वर्षं ज्या ओट्याच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडली तो बिचारा माझ्याच मापाचा होता, म्हणजे कांगावखोर मीच, म्हणजे आता कुणाला काही सांगायला नको, कुणाचं मन मोडायला नको, एकदा दगड निवडला की सुटलो. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर खूण करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. ते माझ्या पायांकडे बघत होते. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही फळीवर उभ्या आहात."

मी खाली पाहिलं. होते खरी. हातभर लांब, वीतभर रुंद, खाली दोन जाड ठोकळे मारलेली ती फळी माझं लग्न झाल्यापासून ओट्यासमोर आहे. जमिनीपासून बरोबर चार इंच वर. मधला भाग टाचांनी घासून गुळगुळीत झालाय. ओट्यापाशी गेलं की माझा पाय आपोआप उचलला जातो आणि मी चढते. चढले हे मला कळतसुद्धा नाही, पापणी लवलेली कळत नाही तसं. पण मिस्त्रींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी कपडे बेतणारी बाई आहे. चौकातल्या शिलाईच्या दुकानात चौतीस वर्षं मापं घेते. समोर कुणीही येवो, माझा पाढा ठरलेला: चपला काढा, सरळ उभे राहा, पोट आत ओढू नका, तुम्ही खोटं माप दिलंत तरी कपडा खरं बोलेल. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मी चार इंच खोटी उभी राहिले. हसावं की रडावं कळेना, म्हणून हसले. मिस्त्री भला माणूस. होतं असं, म्हणाले, एक बाई तर टाचेचे बूट घालून आल्या होत्या. मला खाली उतरायला सांगून त्यांनी पुन्हा टेप सोडला. तेहतीस.

तेहतिसावर त्यांनी भिंतीवर रेघ मारली. ती जुन्या ओट्याच्या कडेपासून इतकी खाली आली की मला ती दुसऱ्याच कुणाची, एखाद्या शाळकरी मुलीची वाटली. खणाच्या मुठीच्याही खाली. मी तिच्याकडे बघत राहिले. मिस्त्री म्हणाले, तेहतीस करायचा की सदतीसच ठेवायचा ते संध्याकाळी पाचपर्यंत पक्कं करा, उद्या सकाळी प्लाय कापायला घेतो आणि एकदा कापलं की वाढवता येत नाही. हे मला कुणी सांगायला नको, कात्री माझ्याही हातात असते. आईंना विचारून सांगते, मी म्हटलं. ज्यांना विचारायचं त्या चार पावलांवरच होत्या. सासूबाई खिडकीकडच्या टोकाला दोन्ही तळवे दगडावर पसरून, मधोमध चहाचा कप ठेवून, रोज सकाळी उभ्या राहतात तशा उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, फळी पाहिली होती, रेघही पाहिली होती. त्यांनी कप उचलला, घोट घेतला आणि चहा आज गोड झालाय, एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडचं हे प्रकरण बेसिनखालच्या कपाटापासून सुरू झालं. तीन महिन्यांपूर्वी त्याचं दार बिजागरीसकट माझ्या हातात आलं आणि आत बघते तर लाकडाचा भुसा झालेला. नवऱ्याने चष्मा पुसून पाहणी केली आणि आता सगळंच नवं करू असं जाहीर केलं. हे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून हाताला प्रयोग नव्हता, तो आयता मिळाला. जेवणाच्या टेबलावर दगडांचे अकरा तुकडे मांडले गेले, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नंबर. रोज सकाळी प्रत्येकावर एक थेंब चहा, एक थेंब लिंबू, एक थेंब तेल आणि बिटाची एक चकती. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून कुठे किती डाग उरला ते भिंगातून बघायचे आणि निकाल मला मोठ्याने ऐकवायचे. महिनाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. चार नंबर लिंबात नापास झाला तेव्हा हे खरोखर हळहळले, एखादा हुशार मुलगा परीक्षेत गेला की हळहळायचे तसे. लेक दूर राहते, ती फोनवर फोटो पाठवते. पांढरीशुभ्र स्वयंपाकघरं, एक चमचा बाहेर दिसणार नाही, आणि अख्ख्या ओट्यावर एकच लिंबू. मी तिला विचारलं, ते लिंबू कोण पिळतं गं? ती म्हणाली, आई, तुला काही म्हणून कळत नाही. पण बाकी तिचं मी सगळं ऐकलं. खालच्या कपाटांऐवजी ओढायचे ड्रॉवर घेतले, कारण वाकून मागचा डबा काढताना माझे गुडघे बोलतात. नळ लांब मानेचा घेतला. ड्रॉवरला खाच नको, मूठच हवी असं मी चुटकीसरशी सांगितलं, साबणाच्या हातांनी खाच धरून बघ म्हणजे कळेल. फरशी खरखरीत घेतली. एवढ्या गोष्टींत मी मागेपुढे पाहिलं नाही. फक्त उंचीचं कुणी काढलं नाही आणि मीही काढलं नाही, थेट मिस्त्रींनी टेप बाहेर काढेपर्यंत.

न काढायला कारण होतं. हा ओटा सासूबाईंचा. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. नवी नवरी म्हणून पहिल्या सकाळी या स्वयंपाकघरात आले तेव्हा ओटा थेट माझ्या कोपराला आला होता आणि त्याच्या पलीकडच्या टोकाकडून सासूबाईंचा आवाज, त्यांचा डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा, ती ताठ मान. मला वाटलं, बाई गं, एवढ्या उंच बाईच्या हाताखाली आपला निभाव कसा लागायचा. मग खाली पाहिलं तर ही फळी. ताजी घासलेली, जागेवर मांडलेली. नाना, म्हणजे माझे सासरे, सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करायचे हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मी मनाशी जुळवून टाकलं की या माणसाने लग्नात मला एकदा पाहिलं, आपली सून बुटकी आहे हे हेरलं आणि न बोलता ही फळी करून ठेवली. त्या एका फळीपायी मी नानांवर जन्मभर माया केली. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचे सदरे मी मागून उघडणारे शिवले, म्हणजे हात वर करावे लागू नयेत. आणि सासूबाईंवर त्याच हिशेबाने थोडी अढी धरली. त्या वाईट नव्हत्या, कधी घालूनपाडून बोलल्या नाहीत, कांदा जाड चिरलास एवढंच म्हणायच्या आणि तोही खरंच जाड असायचा. पण त्या खिडकीपाशी जमिनीवर उभ्या आणि मी बेसिनपाशी फळीवर, हे मला कुठेतरी सलत राहिलं. आपण या घरात चढून उभ्या आहोत असं वाटायचं.

म्हणून सरळच सांगते, मला जमिनीवर उभं राहायचं होतं. फार मोठं मागणं नव्हतं. या गावातल्या निम्म्या लोकांचे खांदे, मनगटं, कंबर मला पाठ आहेत, त्यांच्या अंगाला बसेल असं मी शिवून दिलंय, आणि माझ्या घरात माझ्या अंगाला बसणारी एक वस्तू नाही. आरसा यांच्या उंचीवर टांगलेला, त्यात मला माझं कपाळ दिसतं. पलंगावर बसले की पाय लोंबकळतात. ओटा आयुष्यात दोनदा बांधला जात नाही. आता नाही म्हटलं तर उरलेली वर्षंही त्या फळीवर जाणार हे उघड होतं. पण सासूबाई ब्यांशी वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी सुरी आपणहून माझ्याकडे दिली. आता त्यांचं स्वयंपाकघरात काही म्हणजे काही काम नसतं, तरी रोज सकाळी येतात, तळवे दगडावर टेकतात आणि अर्धा तास नुसत्या उभ्या राहतात. तो ओटा चार इंच खाली गेला तर त्यांना वाकावं लागेल. वाकावं लागलं तर त्या यायच्या बंद होतील. आणि न बोलता मी म्हटल्यासारखं होईल की आई, आता हे माझं. कुणी चहा पीत उभं असताना त्याच्या हाताखालचा दगड काढून घेण्याइतकी मी निगरगट्ट नाही. दुकानाच्या वाटेवर मी दोनदा ठरवलं, तेहतीस. दोनदा मोडलं. दुकान आलं तेव्हा सदतीसवर होते.

दुकानात एका वकिलाचा कोट पहिल्यांदा अंगावर चढवायचा होता. कच्चे टाके घातलेला कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि इथे ओढतोय म्हणाले. मी बघितलं, त्यांचा डावा खांदा पडलेला. जाडजूड बॅग त्याच खांद्यावर घेता ना, मी विचारलं, तर ते चाटच पडले. त्यात नवल काही नाही. खांद्यावरून माणूस दिवसभर काय करतो ते मला कळतं. पोस्टमनचा कळतो, कडेवर मूल घेणारीचा कळतो, दिवसभर वर हात करून रंग देणाऱ्याचा कळतो. टाचणी लावता लावता माझ्या डोक्यात आलं की सासूबाईंचा उजवा खांदा वर आहे. हे मला माहीत होतं, गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या डाव्या खांद्यात आत कापसाची घडी घालून दोन्ही सारखे दाखवते, पण का वर आहे हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. वकील गेल्यावर मी फडताळावरून जुनी मापांची वही काढली. घरच्या माणसांचं पान पहिलंच. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी घेतलेलं माझं माप, खाली मी घेतलेलं सासूबाईंचं, दर दोन-तीन वर्षांनी नवं. खांद्यापासून घोट्यापर्यंत त्या एकोणपन्नास. मी सत्तेचाळीस. मी पुन्हा वाचलं. दोन इंच. फक्त दोन इंच! ज्या बाईला मी एकतीस वर्षं ताडमाड समजत होते ती माझ्यापेक्षा दोन बोटांनी उंच होती, आणि हे माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला आयुष्यभर चिडवलं असतं.

मग मी खांद्यांचा रकाना पाहिला. मी लग्न होऊन आले त्या वर्षी दोन्ही खांदे सारखे. चार वर्षांनी उजवा पाव इंच वर. मग अर्धा. मागच्या खेपेला पाऊण. मी वय झालं असं समजून कापूस वाढवत गेले होते. मी वही मिटली. म्हणजे तो ओटा त्यांच्याही मापाचा नव्हता, त्याही हात वर धरूनच कापत होत्या, हे तर कळलं. पण मी आल्यावरच का? आधीची तीस वर्षं त्याच ओट्यापाशी त्यांचे खांदे सरळ कसे राहिले? मी असं काय केलं त्यांचं? मालकीणबाईंना घरी काम आहे म्हणाले आणि साडेतीनलाच निघाले. चौक ओलांडताना मला जाणवलं की माझे दोन्ही खांदे सरळ आहेत. छान सरळ आहेत, मालकीणबाई नेहमी कौतुक करतात.

घरी हे टेबलापाशी बिटाच्या चकत्या उचलत होते आणि त्यांनी सात नंबर अजिंक्य आहे असं मला दारातच सांगितलं. मी तशीच आत गेले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, पण रोजच्या जागी नव्हत्या. त्या बेसिनच्या बाजूला भिंतीपाशी वाकून सकाळच्या पेन्सिलीच्या रेघेवर तळवा ठेवून बघत होत्या. मला बघून त्यांनी हात काढून घेतला, चोरी पकडल्यासारखा. मी पर्स ओट्यावर टाकली आणि एकदम विचारलं की आई, तुमचा उजवा खांदा कशाने वर गेला? त्या म्हणाल्या, कशाने म्हणजे, हात वर धरून चिरलं की जातो. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही नानांना सांगून स्वतःसाठी फळी का करून घेतली नाहीत, मला केली तशी?

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी आमटीत मूठभर साखर घातली होती.

"तुला कुठे केली?" त्या म्हणाल्या. "ती माझी फळी आहे."

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच चालीने, मध्येच नानांवर चिडत आणि मध्येच हसत. हे घर बांधलं तेव्हा त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. गवंड्याने विचारलं, ओटा किती उंच घ्यायचा? घरात बाई नाही, तेव्हा नानाच मापाला उभे राहिले. उंच माणूस, आयुष्यात कधी टोमॅटो चिरला नाही. बायका जरा ठेंगण्या असतात म्हणून चार बोटं कमी घे, सगळ्यांना चालेल असा कर, असं त्यांनी गवंड्याला ऐटीत सांगितलं. सासूबाई बाळाला घेऊन परत आल्या तर हा डोंगर. त्या रडल्या नाहीत, भांडल्या. मग नानांनी शरमून फळी केली. एकोणतीस वर्षं त्या तिच्यावर उभ्या राहिल्या. मग मी आले. लग्नाच्या गर्दीत त्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या मनात पहिला विचार हाच आला की या पोरीची हनुवटी ओट्याला लागणार. आदल्या संध्याकाळी फळी घासूनपुसून माझ्यासाठी मांडली आणि आपण खिडकीकडे सरकल्या. नाना म्हणाले होते, तुला दुसरी करतो. आज करतो, उद्या करतो. राहूनच गेली.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तू विचारलंस कधी?" त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि तू मला उंच समजत होतीस. मला कुणी कधी उंच म्हटलं नव्हतं. बरं वाटायचं."

मला रडू आलं. मी त्या फळीवरच बसले, कारण जवळ दुसरं काही नव्हतं, आणि रडता रडता मला हसू यायला लागलं. फळीवर उभी असले की या स्वयंपाकघरात मीच त्यांच्यापेक्षा दोन इंच उंच होते. रोज सकाळ-संध्याकाळ, कांदा जाड झालाय असं त्या मला मान वर करून सांगायच्या. मी नानांवर केलेली माया मला परत घ्यायची नव्हती, तो माणूसही गोडच होता, पण त्यातली मोठी थोरली वाटणी चुकीच्या पत्त्यावर गेली होती. माझे सरळ खांदे कुणाचे होते ते मला आता कळलं होतं. मी त्यांना हे सगळं सांगायला गेले, पण तोंडातून निघालं एवढंच की आई, मी तुमच्या खांद्यात कापूस घालत होते. मला माहीत आहे, त्या म्हणाल्या, धुतला की गोळा होतो.

मी डोळे पुसले, पर्समधून माझा कापडी टेप काढला आणि म्हटलं, चपला काढा, सरळ उभ्या राहा. त्यांचं कोपर अडतीस भरलं, म्हणजे त्यांचा ओटा चौतीस. माझा तेहतीस. मी म्हटलं, मग साडेतेहतीस करू, दोघींना चालेल. त्यांनी टेप माझ्या हातातून काढून घेतला. "सगळ्यांना चालेल असा एक झाला की या घरात," त्या म्हणाल्या. "तेहतीस सांग." मग थरथरत्या हाताने त्यांनी टेपचं टोक माझ्या कोपराला लावलं आणि दुसरं टोक पायाने जमिनीवर दाबून धरलं. आकडा त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हता, तरी वाकून वाचल्यासारखं केलं. चौतीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय. आमच्या घरातल्या माणसाने माझं माप घेण्याची ती पहिली वेळ. मी पोट आत ओढलं. ओढू नकोस, त्या म्हणाल्या.

एवढ्यात हे सात नंबरचा तुकडा हातात घेऊन दारात आले, काय ठरतंय ते कान देऊन ऐकलं आणि विचारलं, माझं काय, मी एवढा उंच, मी चहा करायला वाकू का? त्यावर त्यांची आई म्हणाली, वाक, तुझ्या बापाने वाकायला हवं होतं. मग सासूबाईंनी आपलीही एक अट घातली, अगदी ऐटीत. खिडकीकडे दोन हात लांबीचा तुकडा खुर्चीत बसून हात टेकतील इतका खाली हवा, खाली कपाट नको, पाय पसरायला जागा हवी. उभं राहून आता पुष्कळ झालं म्हणाल्या. मटार सोलायला हाताची थरथर आड येत नाही. दगडाचं काय, यांनी विचारलं, कारण त्यांचा सगळा जीव त्यात अडकला होता. आई टेबलाकडे गेल्या, अकरा तुकड्यांवर एकामागून एक तळवा ठेवत गेल्या, चहाचा डाग पाहिला नाही, बिटाचा पाहिला नाही, आणि नवव्यावर थांबल्या. हा गार आहे. हे म्हणाले, आई, तो तेलात काठावर पास झालाय. झाला ना पास, त्या म्हणाल्या.

पाचला मिस्त्री आले. त्यांनी पेन्सिल काढली आणि सासूबाईंकडे बघून विचारलं, आजी, काय ठरलं? तिला विचारा, त्या म्हणाल्या, उभी ती राहणार आहे. मी तेहतीस म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण बाहेर यांच्या हातून काहीतरी पडलं. मिस्त्रींनी सकाळचीच रेघ पुन्हा गिरवून जाड केली.

पुढचे पाच आठवडे आम्ही गॅलरीत एका शेगडीवर स्वयंपाक केला. घरभर धूळ, दुधात भुसा, आणि लेकीचा रोज फोन की झालं का, फोटो पाठव. जुना ओटा फोडला तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल, तर त्या प्रत्येक घावाला एक, दोन, तीन मोजत होत्या. वरची कपाटं लावायला मिस्त्रींनी आमचीच फळी घेतली, तिच्यावर रंग सांडला, एक ठोकळा निखळला, आणि सगळं संपल्यावर ती गॅलरीत गेली. आता तिच्यावर कुंडी आहे. नवा ओटा काळसर आहे, नऊ नंबर, आणि खरंच गार लागतो. यांना वाकावं लागतं, त्यांनी त्यावर उपाय म्हणून चहा करणंच सोडलं होतं, पण चार दिवसांत पुन्हा धरलं. लेकीने फोटो बघून विचारलं की त्या ओट्यावर एवढा पसारा का आहे.

नव्या ओट्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची वेळ, सासूबाई खिडकीपाशी त्यांच्या खालच्या दगडाशी खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. मी बटाटे घेऊन ओट्यापाशी गेले आणि माझा पाय उचलला गेला. चार इंच वर गेला, तिथे काही नव्हतं, आणि धाडकन खाली आला. दातावर दात आपटले, एक बटाटा गडगडत त्यांच्या खुर्चीपर्यंत गेला. तीन दिवसांत ही सहावी-सातवी वेळ असेल. मी स्वतःशीच हसले आणि म्हटलं, बाई, या पायाला कोण समजावणार, एकतीस वर्षांची सवय. सासूबाईंनी मान वर केली नाही. शेंग फोडून दाणे वाटीत टाकत, जाईल, म्हणाल्या, काही दिवस वर जाईल असा.

मी बटाटा उचलायला त्यांच्यापाशी वाकले आणि विचारलं, "फळी मला दिल्यावर तुमचा पाय किती दिवस असा वर गेला?"

त्यांनी पुढची शेंग घेतली.

"माझा अजून जातो," त्या म्हणाल्या.